तोकामाचीच्या शाळेतली वारली चित्रं

जपानला जाणारी आपली मंडळी टोकियो, क्योतो, हिरोशिमा आणि फुजी पर्वत एवढं पाहून परततात. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, एक दिवस निईगाता प्रांतातल्या तोकामाचीसाठी राखून ठेवा. टोकियोहून जोएत्सु शिनकान्सेननं एचिगो-युझावाला उतरायचं आणि तिथून होकुहोकु मार्गाची छोटी गाडी पकडायची. सगळा मुलूख डोंगरउतारावरच्या भातखाचरांचा, हिवाळ्यात दोन-तीन मीटर बर्फाखाली जाणारा. तिथल्या रानात, बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेत, आपल्या डहाणूकडची वारली चित्रं जपलेली आहेत. या जागेचं नाव मिथिला म्युझियम.

तोकिओ हासेगावा या संगीतकारानं 1982 साली ते सुरू केलं. 'ताज महाल ट्रॅव्हलर्स' या प्रयोगशील वाद्यवृंदातले ते सदस्य. बिहारच्या मधुबनी चित्रांपासून त्यांचा संग्रह सुरू झाला. पुढे वारली आणि गोंड चित्रं आली. नुसती चित्रं विकत घेऊन ते थांबले नाहीत. भारतातून कलाकारांना बोलावलं, त्यांनी तिथेच राहून चित्रं काढली. मधुबनीच्या चित्रकार गंगादेवी तिथे राहून गेल्या, आपले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचंही काम तिथे आहे.

मधुबनी आणि वारली या दोन्हींच्या मागे एक मराठी माणूस उभा आहे, हे आपल्याकडेही फारसं कुणाला ठाऊक नसतं. बिहारच्या 1966-67 च्या दुष्काळात, हस्तकलांसाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला मधुबनीला धाडलं. बायकांना कागद द्यायचा, भिंतीवरची चित्रं त्यावर काढायला सांगायची आणि त्यातून घरात चार पैसे यावेत, अशी योजना होती. तेच कुलकर्णी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वारली पाड्यांवर हिंडले आणि म्हसे यांचा हात त्यांनी ओळखला. 1976 मध्ये म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 1989 मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात लागली, 2011 मध्ये पद्मश्री आली. 2018 मध्ये ते गेले.

मुळात ही चित्रं जपून ठेवण्यासाठी नव्हतीच. लग्नघरी शेणामातीनं सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक रेखतात, आत पालघट देवी येते, धवलेरी म्हणजे लग्नविधी चालवणारी बाई गाते. आमच्या आगरी लग्नातही धवलारीण धवले म्हणजे लग्नगीतं गाते, त्यामुळे वारल्यांचा चौक मला परका वाटत नाही. पुढे भिंत पुन्हा सारवली जाते आणि चित्र जातं. कागद-कापड आल्यावर ते टिकू लागलं, विकलं जाऊ लागलं, पुरुषही काढू लागले. म्हसे यांनी तर लग्नाची चौकट ओलांडून रोजचं जगणं चितारलं. मासे धरायचं जाळं त्यांनी बारीक ठिपक्या-रेघांनी विणलेलं पाहावं. पांढऱ्या एकाच रंगात पाणी हलताना दिसतं. असल्या कामाला सावकाशपणा लागतो, आणि बाजार तो देत नाही. टिकल्यांसारखी खपणारी छोटी भेटकार्डं बाजाराला हवी असतात. तोकामाचीनं कलाकाराला वेळ दिला, म्हणून मला या जागेचं मोल वाटतं.

तरीही एक दुःख या शाळेच्या इतिहासात आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. 2001 च्या जुलैमध्ये पाटनगढचे थोर गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनी इथेच मुक्कामी असताना आयुष्य संपवलं. घरापासून इतक्या दूर, परक्या भाषेत काम करणाऱ्या लोककलाकारांचे करार, मोबदला आणि त्यांची देखभाल यांबद्दल त्यानंतर आपल्याकडे तीव्र प्रश्न विचारले गेले. ते आजही विचारायला हवेत, परदेशातल्या आणि इथल्याही प्रत्येक आयोजकाला.

तोकामाचीच्या आसपास बंद शाळा पुष्कळ, कारण तरुण शहरांकडे गेले. कला-संयोजक फ्राम कितागावा यांनी 2000 साली या भागात एचिगो-त्सुमारी हा दर तीन वर्षांनी भरणारा कलामहोत्सव सुरू केला. त्याचा पसारा सुमारे 760 चौरस किलोमीटर. शेतं, ओसाड घरं, रिकामे वर्ग, सगळीकडे कलाकृती. 2005 मध्ये बंद झालेल्या सानादा शाळेत चित्रकार सेइझो ताशिमा यांनी शेवटच्या तीन विद्यार्थ्यांची गोष्ट लाकूड आणि रंगांतून अख्ख्या इमारतीत उभी केली आहे. तोकामाची शहरात मोनेट हे समकालीन कलेचं संग्रहालय आहे. त्याच्या अंगणातल्या पाण्यावर कलाकार लिआंद्रो एर्लिच यांनी केलेली प्रतिबिंबांची करामत वरच्या मजल्यावरून एका ठरावीक जागी उभं राहूनच उमगते.

मी तळवलीची. घणसोली-रबाळ्याच्या पट्ट्यातली आमची गावठाणं सिडकोच्या शहरानं वेढली. भातशेती गेली, आगरी-कोळ्यांच्या जुन्या वस्तू माळ्यांवरून भंगारात गेल्या. नवी मुंबईतल्या भिंतींवर वारली नक्षी मात्र खूप दिसते, तिच्याखाली काढणाऱ्याचं नाव क्वचितच असतं. एखाद्या गावठाणात जुन्या शाळेच्या दोन खोल्या मिळाल्या, तर धवलारिणींचे आवाज, मिठागरातली अवजारं आणि नावानिशी लावलेली वारली चित्रं तिथे ठेवता येतील. तोकामाचीतही संग्रहाला घर मिळालं ते बंद शाळेतच.

जाणाऱ्यांसाठी इतकंच, मिथिला म्युझियम स्टेशनापासून दूर डोंगरात आहे, गाडीची सोय आधी करा आणि हिवाळ्यात जाणार असाल तर ते उघडं आहे का हे विचारून निघा. त्याआधी मात्र डहाणू तालुक्यातल्या गंजाडला जाऊन या. म्हसे यांचं कुटुंब तिथलं, आणि तिथल्या घरांत आजही बांबूच्या काडीनं चित्रं काढली जातात.