परकीय भांडवल कोठे जाते? व्हिएतनामचे उदाहरण

परकीय भांडवल आपल्याकडे यावे, असे प्रत्येक विकसनशील देशास वाटते. परंतु ते एका देशाकडे धाव घेते आणि शेजारच्या देशाकडे फिरकतही नाही. असे का व्हावे, हे समजून घेण्यास व्हिएतनामचे उदाहरण फार बोधप्रद आहे. शिवाय तांदळाच्या जागतिक बाजारात तो आपला प्रतिस्पर्धी असल्यामुळे धान्याच्या व्यापाऱ्यास त्याची माहिती असणे अगत्याचे आहे.

दीर्घ युद्धानंतर 1976 मध्ये उत्तर व दक्षिण व्हिएतनाम एक झाले. मार्च 1978 मध्ये सरकारने दक्षिणेतील मोठा खाजगी व्यापार बंद केला. सायगावच्या चोलोन पेठेतील, बहुतांशी चिनी वंशाच्या, व्यापाऱ्यांचा माल जप्त झाला आणि अनेक कुटुंबे होड्यांतून देशोधडीस लागली. शेतीही सामुदायिक करण्याचा प्रयत्न झाला. मेकाँगचे सुपीक खोरे असूनही देशास बाहेरून धान्य आणावे लागले आणि 1986 मध्ये महागाई शेकडा 700 च्या वर गेली. वखारीतील माल सरकारजमा करता येतो; पण तो कोठून, कोणत्या भावाने व कोणाच्या भरवशावर आणावा, हे ज्ञान जप्त करता येत नाही.

डिसेंबर 1986 मध्ये तेथील सत्ताधारी पक्षाने ‘दोइ मोइ’, म्हणजे नूतनीकरण, हे धोरण स्वीकारले. पुढील वर्षी परकीय गुंतवणुकीचा कायदा झाला व त्यात संपूर्ण परकीय मालकीचा कारखाना काढण्यासही मुभा मिळाली. 1988 मध्ये शेतीचा व्यवहार पुन्हा शेतकरी कुटुंबाकडे आला आणि 1989 मध्ये बहुतेक भावनियंत्रणे उठली. त्याच वर्षी या देशाने दहा लक्ष टनांहून अधिक तांदूळ निर्यात केला! जमीन तीच, शेतकरीही तोच; पिकविलेल्याचा मोबदला मिळेल ही खात्री तेवढी नवी होती.

परकीयांचा विश्वास मात्र सावकाश बसला. 1993 च्या कायद्याने जमिनीचा वापरहक्क विकता व गहाण ठेवता येऊ लागला; मालकी अद्यापि सर्व जनतेची, म्हणजे शासनाच्या हाती आहे. 1994 मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठविली व 2007 मध्ये देश जागतिक व्यापार संघटनेत आला. पुढे सॅमसंगसारख्या कंपन्यांनी तेथे मोठे कारखाने उभारले.

आपण उधारीवर माल देण्यापूर्वी काय पाहतो? वसुली होईल काय, बोलीचा शब्द टिकेल काय आणि तंटा झाल्यास न्याय मिळेल काय. परकीय भांडवलदारही हेच पाहतो. करातील सवलत हे त्याला गोड लागणारे तोंडीलावणे आहे. पोट भरते ते नियमांच्या स्थैर्याने, बंदरांनी, विजेने आणि शिकलेल्या कामगारांनी. 2023 च्या उन्हाळ्यात उत्तर व्हिएतनाममध्ये वीज तुटली, तेव्हा मोठमोठ्या कारखान्यांनाही हात बांधून बसावे लागले.

या चित्रास दुसरी बाजूही आहे. देशाच्या निर्यातीपैकी सुमारे शेकडा 70 भाग परकीय कंपन्यांचा आहे. सुटे भाग पुष्कळसे बाहेरून येतात, जोडले जातात आणि माल बाहेर जातो. स्थानिक लहान उद्योजकाच्या पदरी त्यातले थोडेच पडते. भांडवल आले, रोजगारही मिळाला. परंतु धंद्याचे मर्म घरात मुरले नाही, तर पाहुणा उठून गेल्यावर मागे रिकामी ओसरीच राहावयाची.

धोरणाच्या स्थैर्याचे मोल आपणही जाणतो. जुलै 2023 मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा व्हिएतनामच्या तांदळाचे भाव चढले व आपली काही गिऱ्हाइके तिकडे वळली. सप्टेंबर 2024 मध्ये बंदी उठली. देशातील ग्राहकास धान्य स्वस्त मिळावे हा हेतू योग्यच होता. तथापि तुटलेले गिऱ्हाईक पुन्हा जोडण्यास किती कष्ट पडतात, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको. पेढी असो वा देश, पत मिळविण्यास वर्षे लागतात आणि ती घालविण्यास एक हुकूम पुरतो.