गुलाम, गिरमिट आणि उचल

तीनशेचारचा डाव खेळलेल्यांना ठाऊक असेल, त्यात गुलाम सगळ्यात मोठा. राजा तीन गुणांचा, राणी दोन गुणांची आणि गुलाम तीस गुणांचा! शब्दांत रमणारा माणूस म्हणून मला याचं नेहमी कुतूहल वाटत आलं आहे. मूळ अरबीत 'गुलाम' म्हणजे मुलगा, पोरगा. आमच्यात गुलाम रसूल, गुलाम मोहम्मद अशी नावं मोठ्या श्रद्धेनं ठेवतात. मराठीत मात्र हा शब्द ऐकला की बेड्याच आठवतात. एकाच शब्दाची इतकी रूपं कशी झाली, हे समजून घ्यायचं तर सतराव्या शतकात दोन ठिकाणी डोकवावं लागेल. एक आपलं दख्खन आणि दुसरं अमेरिकेतलं व्हर्जिनिया.

आधी दख्खन. सोळाव्या शतकाच्या मध्यावर आफ्रिकेतल्या इथिओपियात एक मुलगा जन्मला. लहानपणीच तो विकला गेला, बगदादमार्गे हातोहाती फिरत अहमदनगरच्या निजामशाहीत आला. त्याला विकत घेणारा वजीर चंगीजखान हाही एकेकाळचा हबशी गुलामच. धन्याच्या मृत्यूनंतर तो मुलगा मोकळा झाला, शिपाईगिरी करू लागला. तोच मलिक अंबर. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा त्यानं निजामशाही पुन्हा उभी केली. खडकी वसवली, जमीनमहसुलाची घडी बसवली. मराठ्यांना सोबत घेऊन मोगलांना डोंगरदऱ्यांत जेरीस आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढले. बादशहा जहांगीरला तो काही हाती लागला नाही. मग जहांगीरनं अंबरच्या मुंडक्याला बाण मारतानाचं स्वतःचं चित्र काढून घेतलं आणि त्यावर समाधान मानलं.

पण यात भुलून जाऊ नये. लष्करासाठी आणलेला गुलाम वर चढू शकत होता, हे खरं. तरी पोराला आईपासून तोडून बाजारात उभं करणं हे पापच. कुठल्याही वैभवानं ते धुतलं जात नाही. आणि एका अंबरच्या मागं नाव-गाव हरवलेले किती गेले असतील! फरक एवढाच, की इथं गुलामाचं पोर गुलामच राहील असा दंडक नव्हता. अंबरनंतर त्याचा मुलगा फत्तेखान कारभारी झाला.

अंबर दख्खनचा कारभार पाहत होता, त्याच काळात, ऑगस्ट १६१९ मध्ये, व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला एक जहाज लागलं. पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली वीसेक आफ्रिकी माणसं त्यावर होती. ती धान्यसामग्रीच्या बदल्यात दिली गेली. तिथं तंबाखूची लागवड जोरात होती आणि हात कमी होते. तोवर हे काम मुख्यतः करारावर आलेले गरीब इंग्रज करत. बोटीच्या भाड्याच्या बदल्यात चार ते सात वर्षं राबायचं, मग सुटका. तीच माणसं आणायला मालकाला माणशी ५० एकर जमीन मिळे. जमीन कुणाची? तर तिथल्या मूळ रहिवाशांची. त्यामुळं लढाया अटळ होत्या. न्यू इंग्लंडमध्ये १६७५-७६ च्या युद्धात पकडलेले कित्येक मूळ रहिवासी गुलाम म्हणून वेस्ट इंडिजला विकले गेले.

सुरुवातीला काही आफ्रिकी माणसं मोकळी झाली, जमीनमालकही झाली. मग कायद्यानं एकेक दार बंद केलं. १६६२ साली ठरलं, आई गुलाम तर पोरही गुलाम. १६६७ साली ठरलं, बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकनच्या बंडात गोरे करारी मजूर आणि काळे गुलाम एकत्र आले, जेम्सटाऊन जाळलं गेलं. अनेक इतिहासकार म्हणतात, या एकीची मळेवाल्यांनी धास्ती घेतली. पुढं करारी मजूर कमी होत गेले, गुलाम वाढले आणि १७०५ च्या कायद्यानं कातडीच्या रंगावर कायमची रेघ ओढली.

जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या एका माणसानं अचूक ओळखलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अर्पण केली काळ्यांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना. पुण्यात बसून त्यांना मिसिसिपीचं दुःख आपलं वाटलं, कारण जात आणि रंग यांची गाठ एकच आहे. आपल्या शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं रद्द केली, ती हीच पिढीजात राबवणुकीची गाठ सोडवण्यासाठी.

गुलामी गेली, पण राबणारे हात लागतच होते. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी संपली तेव्हा मालकांना २ कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना छदामही नाही. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत १८३४ पासून हिंदुस्थानी मजूर जाऊ लागले. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथं उतरली. मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची आपली माणसंही गेली. हातात कागद असायचा, 'ॲग्रीमेंट'. त्याचंच झालं गिरमिट. आपल्याकडं गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. त्या कागदानंही आयुष्याला भोकच पाडलं. एक दिवस कामाला चुकलं, तर दोन दिवसांची मजुरी कापत. तरी या माणसांनी भाषा आणि गणपती जपला. मॉरिशसमध्ये आजही मराठी मंडळी गणेशोत्सव थाटात करतात.

व्हर्जिनियात तंबाखू, मॉरिशसमध्ये ऊस. आणि ऊस म्हटलं की आपलं कोल्हापूर दूर कसं राहील? दर हंगामाला बीडकडून, मराठवाड्यातून तोडणी मजूर आपल्या शिवारात येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. दोन जीव, पण गणती एका हत्याराची. मुकादमाकडून आधीच 'उचल' घेतलेली असते. ती या हंगामात फिटली नाही, तर पुढच्या हंगामाच्या डोक्यावर चढते.

ही गुलामगिरी आहे, असं मी म्हणणार नाही. ही माणसं विकली जात नाहीत, त्यांना मत आहे, कायदा आहे. वेठबिगारीवर १९७६ सालीच बंदी आली. पण माणूस बांधायला साखळीच लागते असं नाही, न फिटणारा आकडाही पुरतो. जन्म, करार आणि कर्ज, या तीन दोऱ्यांनी चारशे वर्षं माणसं बांधली गेली. पहिल्या दोन कायद्यानं तोडल्या. तिसरीची गाठ सोडवायची, तर सुरुवात साधी आहे. उचलीचा हिशेब लेखी असावा, तो मजुराला वाचून दाखवावा आणि बाईची मजुरी बाईच्या नावावर जमा व्हावी.