आल्थिया गिब्सनची वाटचाल

टेनिसपटूची थोरवी आपण बहुधा चषकांवरून मोजतो. आल्थिया गिब्सनच्या बाबतीत मात्र तिला खेळू कोठे दिले जाई, हे आधी विचारावे, असे आम्हांस वाटते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत रस्त्यावर लाकडी फळीने चेंडू मारीत ती शिकली. १९४७ पासून कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती दरसाल जिंकत होती. पण गोऱ्यांच्या स्पर्धेचे निमंत्रण काही येईना. १९५० साली माजी विजेती अ‍ॅलिस मार्बल हिने एका टेनिस-मासिकात आपल्याच मंडळींची खरडपट्टी काढली, तेव्हा कोठे फॉरेस्ट हिल्सचे दार किलकिले झाले. तेथे दुसऱ्याच फेरीत समोर विंबल्डन-विजेती लुईस ब्रो! पहिला सेट १-६ असा गमावूनही आल्थिया तिसऱ्यात ७-६ अशी पुढे होती, आणि वादळी पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी ब्रोने ओळीने तीन गेम घेऊन सामना जिंकला. दैव म्हणतात ते हेच की काय!

पुढे १९५६ साली फ्रेंच अजिंक्यपद. १९५७ व १९५८ या दोन्ही साली विंबल्डन आणि अमेरिकन. पण पैसा? हौशी खेळाडूला बक्षिसाची रक्कम नसे. मग हीच विजेती गाणी गायली, चित्रपटात दिसली, बास्केटबॉलच्या सामन्यांआधी प्रेक्षकांसाठी टेनिस खेळून दाखवू लागली.