साप नाही, गांडूळही नाही!

मुलांनो, गणपतीची सुट्टी संपली आणि आमच्या लालबागच्या शाळेतली मुलं गावाहून परतली, की वर्गात गोष्टींचा नुसता पाऊस पडतो. एकदा चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, गावाला माडाच्या बुंध्याशी खणताना साप निघाला. आजोबांनी फावड्याने मारला. पण त्याचं तोंड कुठलं नि शेपटी कुठली, तेच कळेना! अंगावर गांडुळासारख्या वळ्या होत्या."

मला वाईट वाटलं. तो बहुधा साप नव्हताच. ते बिचारं देवगांडूळ असणार!

देवगांडूळ म्हणजे कोण? ऐका. बेडूक जसा उभयचर, तसंच हेही. उभयचरांची तीन घराणी आहेत. पहिलं बेडकांचं. दुसरं सॅलॅमँडरचं. दिसायला पालीसारखा हा प्राणी दार्जिलिंगकडच्या डोंगरांत सापडतो, आपल्या सह्याद्रीत नाही. तिसरं घराणं मात्र आपल्याकडे आहे, देवगांडुळांचं!

याला पाय नसतात. पण गांडुळाला नसलेला पाठीचा कणा याला असतो, जबडा आणि दातही असतात. कातडी ओलसर, बुळबुळीत. सापासारखी खवलं वरून दिसत नाहीत. मुक्काम मातीत, म्हणून डोळे नावापुरतेच. मग अंधारात खाऊ शोधायचा कसा? डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक इवलीशी मिशी असते. तिने वास घेत ते गांडुळं, वाळवी शोधतं. माणसाच्या वाटेला ते जात नाही.

सावंतवाडीहून घाट चढून गेलं की आंबोली लागते. तिथल्या देवगांडुळाच्या एका जातीची जगाला ओळख झाली ती थेट २००३ साली! आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले वरद गिरी आणि त्यांचे दोन ब्रिटिश सहकारी यांनी ती नोंदवली. याच संस्थेत आयुष्य घालवलेल्या जे. सी. डॅनियल यांच्यावरून तिला 'डॅनियली' हे नाव दिलं. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था आपल्या फोर्टातच आहे.

म्हणजे बघा, ज्याचं बारसं आत्ता कुठे झालं, ते आपण न ओळखताच मारून टाकायचं का?

यंदा गावी गेलात की आजी-आजोबांना ही गोष्ट नक्की सांगा. मात्र असं काही दिसलं तर हात लावू नका हं! तो खरंच साप असू शकतो. दोन पावलं मागे सरा, मोठ्यांना हाक मारा आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. साप असो की देवगांडूळ, फावडं मात्र खालीच राहू दे!