मिडी कीबोर्डची निवड : हिंदुस्थानी संगीताच्या दृष्टीने

घरच्या संगणकावर संगीतरचना करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, मिडी कीबोर्ड स्वतः नाद निर्माण करीत नाही. १९८३ साली रूढ झालेल्या संकेतप्रणालीनुसार तो कोणती पट्टी किती वेगाने दाबली गेली, हे संगणकास कळवितो. नाद सॉफ्टवेअरमधून उमटतो. त्यामुळे ८८ पट्ट्यांचा आग्रह पियानोवादकानेच धरावा. हार्मोनियमची सवय असलेल्यास ३७ किंवा ४९ पुरतात.

खरी अडचण मींड घेण्याची. पट्ट्यांतून ठराविक स्वरच मिळतात, हा हार्मोनियमवरील जुना आक्षेप येथेही लागू पडतो. पिच-बेंड चक्र मात्र स्वर १६,३८४ सूक्ष्म पायऱ्यांत सरकवू शकते. म्हणून चक्राऐवजी केवळ बटणे असलेला स्वस्त कीबोर्ड टाळावा. तथापि, सामान्य मिडीमध्ये हे चक्र एका वाहिनीवरील सर्व स्वर एकदमच सरकविते. सबब मींड घेताना तानपुऱ्याचा नाद स्वतंत्र वाहिनीवर ठेवावा.