तंबाखू नियंत्रण : आंतरराष्ट्रीय सहकार्य व युवकांचा सहभाग

तंबाखूच्या सेवनामुळे उद्भवणाऱ्या असंसर्गजन्य रोगांना आळा घालण्यासाठी निरनिराळ्या राष्ट्रांनी संयुक्तपणे योजिलेले उपाय आणि त्यांतील किशोरवयीन व तरुण व्यक्तींचा सहभाग. जे रोग जंतूंद्वारे एका व्यक्तीकडून दुसरीकडे पसरत नाहीत, त्यांना सामान्यतः असंसर्गजन्य रोग म्हणतात. हृदय व रक्तवाहिन्या यांचे रोग, कर्करोग, चिरकारी (दीर्घकाल टिकणारे) श्वसनरोग आणि मधुमेह हे त्यांचे चार प्रमुख गट असून जगातील एकूण मृत्यूंपैकी सु. तीन-चतुर्थांश मृत्यू असंसर्गजन्य रोगांमुळे होतात. या चारही गटांतील रोगांचा धोका वाढविणारे समान कारण म्हणजे तंबाखू होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे दरवर्षी ७० लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडतात.

वयाचे महत्त्व : पटकी वा गोवर यांसारख्या संसर्गजन्य रोगांत जंतूंचा शरीरात प्रवेश झाल्यापासून थोड्याच दिवसांत लक्षणे दिसू लागतात. तंबाखूजन्य रोगांत मात्र कारण व परिणाम यांमध्ये अनेकदा काही दशकांचे अंतर असते. शाळकरी वयात लागलेल्या सवयीचे फळ पन्नाशीच्या सुमारास हृद्रोगाच्या वा कर्करोगाच्या रूपाने प्रकट होते. तंबाखूतील निकोटीन हे अल्कलॉइड मेंदूतील विशिष्ट ग्राहींवर क्रिया करून क्षणिक सुखाची भावना निर्माण करते व त्याची सवय जडते. किशोरवयात मेंदूची वाढ पूर्ण झालेली नसल्याने या वयात व्यसन लवकर जडते व ते सोडविणे अवघड जाते. सेवन करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक विशीच्या आतबाहेरच त्याची सुरुवात करतात. त्यामुळे रोग जरी प्रौढांचा असला, तरी त्याच्या प्रतिबंधाचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने शाळा व महाविद्यालये हेच ठरते.

शास्त्रीय आधार : धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ग्रेट ब्रिटनमध्ये, तर अर्नस्ट विंडर व एव्हार्ट्स ग्रेअम यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५० मध्ये दाखवून दिला. डॉल व हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांचे दीर्घकालीन निरीक्षण सुरू केले. त्याचे ५० वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तरुणपणापासून सिगारेट ओढत राहणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने सु. १० वर्षांनी घटते. पन्नाशीत सवय सोडल्यास ही हानी सु. निम्म्याने टळते आणि तिशीत सोडल्यास जवळजवळ संपूर्णपणे टळते, असे त्यांतून आढळले.

भारतात तंबाखू ओढण्यापेक्षा खाण्याची किंवा तोंडात धरण्याची चाल अधिक असल्याने येथे मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. या प्रश्नाच्या अभ्यासात आंतरराष्ट्रीय सहकार्य आरंभापासून दिसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी डेन्मार्कचे दंतवैद्यक संशोधक येन्स पिंडबोर्ग यांच्यासमवेत महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे केरळ, आंध्र प्रदेश व गुजरात या राज्यांतील ३६,००० तंबाखूसेवकांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष भेटी, चित्रपट व इतर माध्यमे यांद्वारे समजावून सांगितल्यास ग्रामीण माणूसही ही सवय सोडू शकतो आणि त्यामुळे तोंडातील कर्कपूर्व पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण घटते, हे त्यावरून सिद्ध झाले.

आंतरराष्ट्रीय करार : तंबाखूचा व्यापार, जाहिरात आणि चोरटी आयात-निर्यात या तिन्ही गोष्टी देशांच्या सीमा ओलांडून चालतात. एका देशाने कर वाढविला, तर शेजारच्या देशातून चोरटा माल येतो. एका देशाने जाहिरातींवर बंदी घातली, तरी परदेशी चित्रवाणीवरून त्या घरात पोहोचतात. या कारणांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तंबाखू नियंत्रणविषयक चौकट करार तयार झाला. जागतिक आरोग्य सभेने तो २१ मे २००३ रोजी संमत केला व २७ फेब्रुवारी २००५ पासून तो अंमलात आला. या संघटनेच्या विद्यमाने वाटाघाटी होऊन झालेला हा पहिलाच आंतरराष्ट्रीय करार असून १८० हून अधिक पक्ष त्याने बांधले गेले आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी मात्र २००४ मध्ये सही करूनही त्याचे अनुसमर्थन केलेले नाही.

तंबाखूवरील कर व किंमत वाढविणे, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी, वेष्टनावर ठळक इशारा, जाहिरातींवर निर्बंध, व्यसनमुक्तीस साहाय्य आणि अज्ञान मुलांना विक्री करण्यास मनाई ही करारातील प्रमुख कलमे होत. आरोग्यविषयक धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून अलिप्त ठेवावे, असेही एक कलम त्यात आहे. चोरट्या व्यापाराविषयीचा पूरक करार २०१२ मध्ये संमत झाला व २०१८ मध्ये अंमलात आला. असंसर्गजन्य रोगांसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची पहिली उच्चस्तरीय बैठक सप्टेंबर २०११ मध्ये भरली. या रोगांमुळे होणारे अकाली मृत्यू २०३० पर्यंत एक-तृतीयांशाने घटविण्याचे उद्दिष्ट २०१५ मध्ये ठरविण्यात आले व त्याच्या साधनांत वरील कराराच्या अंमलबजावणीचा समावेश करण्यात आला.

भारत व महाराष्ट्र : भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी कराराचे अनुसमर्थन केले. त्यापूर्वीच, २००३ मध्ये, तंबाखूविषयक केंद्रीय अधिनियम संमत झाला होता. त्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तिची विक्री करणे हे गुन्हे ठरले. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून आणि वेष्टनावर चित्रमय इशाऱ्याची सक्ती ३१ मे २००९ पासून सुरू झाली. २०१६ पासून इशाऱ्याने वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापणे आवश्यक झाले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील २८·६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. महाराष्ट्रात चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा आणि मशेरी (भाजून केलेली तंबाखूची पूड) हे प्रकार विशेष रूढ आहेत. मशेरी दात घासण्याच्या निमित्ताने घरातच वापरली जात असल्याने मुलांना तिची ओळख वडीलधाऱ्यांकडूनच होते व विक्रीवरील कायदा तेथवर पोहोचत नाही.

युवकांचा सहभाग : १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची जागतिक पाहणी १९९९ पासून एकाच पद्धतीने अनेक देशांत केली जाते. तिच्या भारतातील २०१९ च्या फेरीत ८·५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. अशा पाहण्यांत मुले केवळ माहितीचा विषय असतात. प्रतिबंधकार्यात त्यांना कर्त्याचे स्थान दिल्यास काय घडते, हे दोन प्रयोगांवरून दिसते. फ्लॉरिडा राज्याने १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांकडून मिळालेल्या भरपाईच्या रकमेतून मोहीम काढली व तिची आखणी विद्यार्थ्यांच्या सहभागाने केली. व्यसनाच्या दुष्परिणामांची भीती घालण्याऐवजी कंपन्या तरुणांना कसे फसवितात, यावर त्यांनी भर दिला. दोन वर्षांत सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांत १८·५ टक्क्यांवरून ११·१ टक्क्यांवर व वरच्या वर्गांत २७·४ टक्क्यांवरून २२·६ टक्क्यांवर आले. दुसरा प्रयोग दिल्ली व चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात भारतीय व अमेरिकी संशोधकांनी मिळून केला. त्यात सहावी व आठवीच्या विद्यार्थ्यांमधूनच निवडलेल्या समवयस्क नेत्यांनी वर्गात चर्चा व खेळ घडवून आणले. कार्यक्रम राबविलेल्या शाळांत तंबाखूसेवन १७ टक्क्यांनी घटले, तर इतर शाळांत ते ६८ टक्क्यांनी वाढले.

याउलट, अमेरिकेत एका तंबाखू कंपनीनेच मुलांसाठी काढलेली धूम्रपानविरोधी जाहिरातमोहीम पाहिलेल्या मुलांचे त्या उद्योगाविषयीचे मत अधिक अनुकूल झाल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. युवकांच्या नावाने चालणारा प्रत्येक उपक्रम युवकांच्या हिताचा असतोच, असे नाही. त्याची सूत्रे कोणाकडे आहेत व निर्णयात मुलांना वाटा आहे की केवळ मिरवणुकीत, यावर त्याचे फळ अवलंबून असते.

समस्या : इलेक्ट्रॉनिक सिगारेट व सुवासिक निकोटीनयुक्त पदार्थ यांद्वारे हा उद्योग नव्या पिढीपर्यंत पोहोचत आहे. भारताने २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर कायद्याने बंदी घातली. विशिष्ट वर्षानंतर जन्मलेल्यांना तंबाखू कधीच विकू नये, असा कायदा न्यूझीलंडने २०२२ मध्ये केला. परंतु सत्तांतरानंतर २०२४ मध्ये तो रद्द झाला. मालदीवमध्ये १ जानेवारी २००७ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी अशी बंदी १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ज्या उपायांचे फळ दिसण्यास दशके लागतात, त्यांना अल्पमुदतीच्या राजकारणात टिकाव धरणे कठीण जाते, हे न्यूझीलंडच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. आज शाळेत असलेल्या मुलांना सवय जडू न देण्याचे यश त्यांच्या प्रौढ वयातच मोजता येईल.