बालकांची अन्नओळख: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जालना जिल्ह्यातील ज्या मोसंबीस भौगोलिक मानांकनाचा दाखला मिळालेला आहे, तिची साल फळ पिकल्यावरही पुष्कळदा हिरवटच राहते. त्यामुळे अंबड वा बदनापूर तालुक्यातील एखाद्या तीन वर्षांच्या बालकाने ती पेरूंच्या ढिगात नेऊन ठेवली, तर ‘याला अजून काही कळत नाही’ असा निवाडा वडीलधारी मंडळी तत्काळ देऊन टाकतात. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. बालकाने वर्गीकरण केलेलेच असते. फक्त त्याची कसोटी रंगाची व घाटाची असते, आपली रसाची व फोडींची. नॅन्सी सोजा, सुसान केरी आणि एलिझाबेथ स्पेल्की या विदुषींनी १९९१ मध्ये दाखवून दिले की, घन वस्तूचे नवे नाव ऐकल्यास दोन वर्षांची मुले ते त्याच आकाराच्या दुसऱ्या वस्तूस लावतात, परंतु लगद्यासारख्या पदार्थाचे नाव ऐकल्यास आकार सोडून द्रव्याकडे पाहतात. भाकरी गोलाईवरून आणि पिठले मात्र पोतावरून ओळखावे, असाच हा विवेक आहे.

एक पदार्थ एकाच गटात बसतो आणि लहान मुलास तोच एक गट शिकवावा, हा गैरसमज याहून खोल रुजलेला आहे. सिमोन न्गुयेन व ग्रेगरी मर्फी यांच्या २००३ मधील अभ्यासात चार वर्षांची मुलेही एकच पदार्थ कधी जातीवरून, कधी खाण्याच्या प्रसंगावरून निरनिराळ्या गटांत घालताना आढळली. आपल्याकडे याचा दाखला दर एकादशीस मिळतो. शिजलेली भगर दिसावयास भातासारखी, जातीने तृणधान्यच. तरी तिची सोयरीक साबुदाणा, रताळे आणि शेंगदाण्याच्या आमटीशी आहे, हे आजीच्या मांडीवर बसून फराळ करणारे पोर कोणत्याही तक्त्याविना जाणते.

पेयांपुरते एवढेच सांगतो की, सारख्याच मापाचा रस थोरल्यास उंच पेल्यात आणि धाकट्यास फुलपात्रात दिला असता धाकटा रडला, तर त्यास हावरट म्हणू नये. ज्याँ पियाजे यांनी दाखविल्याप्रमाणे साधारणतः सात वर्षांपर्यंत मूल द्रवाची उंची पाहूनच त्याचे परिमाण ठरविते.

राहिली हट्टाची तक्रार. अपरिचित अन्न नाकारण्याची प्रवृत्ती दोन ते सहा या वयात सर्वाधिक प्रबळ असते. पिवळी खिचडी आवडीने खाणारे मूल तीत पालकाची हिरवी पाने दिसताच ताट सारते, कारण त्याच्या लेखी ती खिचडीच उरलेली नसते. असा पदार्थ सक्तीविना आठ-दहा, क्वचित पंधरा वेळाही थोडाथोडा चाखावयास द्यावा लागतो, आणि आपण तिसऱ्याच खेपेस ‘याला आवडत नाही’ अशी कायमची नोंद करून मोकळे होतो. सोबतीचा प्रभावही मोठा आहे: लीॲन बर्च यांनी १९८० मध्ये दाखविले की, नावडती भाजी सवंगडी निवडताना पाहून मुले स्वतःही ती निवडू लागतात. २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या बालविकास योजनेच्या अंगणवाड्यांत तीन ते सहा वर्षांची मुले एका पंगतीस बसतात, तेथे नावडत्या भाजीचा घास सेविकाताईंनी ज्याला ती आवडते अशा मुलाशेजारी बसवून द्यावा.